वहिनीचे आणे

‘बारा आणे खात्री आहे’ असं कोणी म्हणालं की मला आजही शिसारी येते. बोलणारा बिचारा चांगल्या मनाने बोलत असतो. पोराची परीक्षा, नाहीतर ठरू घातलेलं लग्न, असलाच काहीतरी विषय असतो. मला मात्र जव्हारच्या आमच्या घराची ओटी दिसते, तिथे मांडी घालून सुपारी कातरत बसलेले माझे वडील दिसतात, आणि तोंडाची चव जाते.

वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. संस्थानच्या मुलकी खात्यात ते कारकून होते, आणि पिकांची आणेवारी ठरवायला गावोगाव हिंडणं हे त्यांचं काम. उभं पीक नजरेनं पाहायचं आणि ते किती उतरेल याचा अंदाज बांधायचा, ही आणेवारी. भरपूर पिकलं तर सोळा आणे, निम्मं पिकलं तर आठ. आणे फार कमी भरले तर शेतकऱ्याला शेतसाऱ्यात सूट मिळे. म्हणून शेतकरी आकडा खाली ओढी आणि तात्या वर ओढत. पीक आपलं मध्ये उभं असे, त्याला कोणी विचारत नसे.

हे मी ऐकीव सांगत नाही. लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्याने मला माहेरी आणून सोडलं आणि पुन्हा म्हणून नेलं नाही. टाकलेल्या मुलीचा घराला उपयोग एवढाच की तिला कुठेही स्वयंपाकाला नेता येतं. तात्यांनी मला एकदा आश्विनात दाभोशाच्या मुक्कामाला तसंच नेलं. खाली नदीच्या अंगाला भात होतं, वर उतारावर नाचणी. तात्या बांधावर छत्री टेकून उभे राहिले. चिखलात पाऊल भरेल म्हणून शेतात काही उतरले नाहीत.

“दहा,” तात्या म्हणाले.

गावचा पाटील म्हणाला, “दहा कसं साहेब? लोंब्या बघा, निम्म्या पोकळ हायत. सहा.”

“नऊ.”

“सात म्हना साहेब, गरिबाचा आशीर्वाद.”

आठावर ठरलं. ज्याचं शेत तो कोकणा जमातीचा शेतकरी हात जोडून बाजूला उभा होता. तात्यांनी त्याला विचारलं, “काय रे, आठ बरोबर ना?” तो म्हणाला, “तुमी म्हनाल तेवढा पिकला, साहेब.” तात्यांना हे उत्तर फार आवडलं. जेवायला बसल्यावर ते मला म्हणाले, “आठ म्हणजे अगदी चोख अंदाज. मी पाहताक्षणीच ओळखलं होतं.” मी भाकरी वाढता वाढता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते खोटं बोलत नव्हते, हीच तर किळस येण्याची गोष्ट. तासाभरापूर्वी घासाघीस करून मिळवलेला आकडा त्यांना आता शेतात डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवत होता.

जव्हार गाव लहान. दर दोन घरांमागे एक कारकून. त्यामुळे सगळ्या गावाच्या जिभेला आण्यांची सवय लागलेली. पाऊस पडायचा तर सहा आणे, अमक्याला बढती मिळायची तर दहा आणे, तमकीला दिवस गेलेत हे चौदा आणे. पुरुषांना याचा मोठा डौल वाटे. आपण ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ असं अडाण्यासारखं बोलत नाही, मोजून बोलतो, असं त्यांना वाटे. कशाने मोजलं ते मात्र कोणी सांगत नसे. आणि आकडा आवडला नाही तर दुसरा लगेच म्हणे, “छे, सहा कसले, आठ धरा,” की पहिला म्हणे, “बरं, सात.” दोघंही खूश.

माझ्या थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी होती. पेणकडची. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, कारण आमच्या आईला बायकांचं हसणं ओटीपर्यंत गेलेलं खपत नसे. मी टाकलेली म्हणून घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, ती बोलायची. तिला एक लहान मुलगी होती.

त्याच वर्षी, दाभोशाहून परत आल्यावर थोड्याच दिवसांत, वहिनीच्या पोटात कळ उठली. बेंबीच्या उजव्या बाजूला, खाली. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोटात पाणी ठरेना. पाय पोटाशी घेऊन ती माजघरात पडली होती, सरळ करायला गेलं की किंचाळायची. गावात एक डॉक्टर होते. मुंबईकडे बरीच वर्षं नोकरी करून आलेले, स्वतःच्या ओटीवर औषधं देत. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि बाहेर जाऊन बसले. माजघर आणि ओटी यांच्यामध्ये नुसती कुडाची भिंत. एकूण एक शब्द आत ऐकू येत होता.

“आत पू धरतोय,” डॉक्टर म्हणाले. “चिरून काढायला हवा. ते इथे व्हायचं नाही. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्या.”

तात्यांनी विचारलं, “किती आणे?”

“इथे ठेवलीत तर चार. नेलीत तर दहा.”

हे आकडे डॉक्टरांनी कुठून आणले मला माहीत नाही. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गाडी जुंपायला हवी होती. मी उठून वहिनीची दोन लुगडी बांधायलाही लागले.

बाहेर अडकित्त्याचा आवाज झाला. मग तात्या म्हणाले, “चार? अहो डॉक्टर, चार म्हणजे दुष्काळ! तरणीताठी पोर आहे. पहिलं बाळंतपण किती सुखरूप झालं, तुम्हीच होतात.”

“ते खरं. पण...”

“ते धरलंत का तुम्ही?”

“धरलं नव्हतं अगदी. बरं, पाच म्हणा.”

माझा भाऊ म्हणाला, “सकाळपेक्षा ताप उतरलाय.” ताप उतरला नव्हता. त्याने सकाळपासून आत पाऊलही टाकलं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले, “उतरला असेल तर सहा.”

“आणि तुमचं औषध?” तात्या हसले. “त्याला काहीच गुण नाही की काय? स्वतःच्या औषधाला दोन आणे तरी द्या!” डॉक्टरही हसले. आठ झाले.

मग नाशिकच्या दहा आण्यांना सुरुवात झाली. घाटातला रस्ता, बैलगाडीचे धक्के, म्हणून एक आणा कमी. त्या दवाखान्यात कोण कुठला माणूस हात लावणार, कोणाच्या हातचं पाणी प्यावं लागणार, हे आईने दाराआडून सांगितलं. त्याचाही एक आणा गेला. लाजेने आणि परक्या पाण्याने पू कसा वाढतो हे काही कोणी डॉक्टरांना विचारलं नाही. घरापासून लांब गेलं की रोगी मनाने खचतो, असं भाऊ म्हणाला. सात.

“म्हणजे इथे आठ, तिथे सात,” तात्या म्हणाले. “मग प्रश्नच मिटला की.”

मला राहवलं नाही. मी दारात गेले आणि म्हणाले, “मघाशी चार आणि दहा होते. एवढ्या वेळात तिच्या पोटात काय बदललं?” तात्यांनी वर पाहिलं नाही. “बायकांना यातलं कळत नाही,” म्हणाले, “आत जा.” डॉक्टर आपल्या जोड्यांकडे बघत होते. त्यांच्या मुलाला खात्यात चिकटवायचं होतं आणि शब्द तात्या टाकणार होते, हे साऱ्या आळीला ठाऊक होतं.

तात्यांना पुढच्या आठवड्यात पाहणीचा दौरा होता आणि तो चुकवायचा नव्हता. भावाला परक्या गावाची भीती होती. आईला विटाळाची. यातलं एकही कोणी उघड बोललं नाही. तसं बोलले असते तर मला राग आला असता, पण अशी मळमळ आली नसती. या लोकांनी आपापली अडचण आण्या-आण्याने तिच्या दुखण्यात घातली आणि वर म्हणाले की दुखणंच असं आहे.

वहिनी वाचली.

कशी ते देवाला ठाऊक. फार हाल झाले तिचे, अंगाचा नुसता सापळा उरला, पण ताप उतरला आणि दिवाळी सरता सरता ती भिंतीला धरून उभी राहिली. मला इतका आनंद झाला की न्हाणीघरात जाऊन मी रडले. बाहेर आले तर तात्या ओटीवर शेजाऱ्यांना सांगत होते, “डॉक्टर चारच म्हणत होते. मी आठ करून घेतले, म्हणून निभावलं. ऐकलं असतं त्यांचं तर घाटातच गेली असती.” शेजारी माना डोलवत होते. एकालाही असं म्हणावंसं वाटलं नाही की चार आणे म्हणजे शून्य नव्हे, चारांतलीही माणसं वाचतात, आणि ती वाचली म्हणून ठेवणाऱ्यांचं शहाणपण सिद्ध होत नाही. मी तरी कोणाला सांगणार होते?

त्यानंतर आळीतल्या ज्या त्या घरात डॉक्टरांशी घासाघीस सुरू झाली. कोणाचा म्हातारा, कोणाचं पोर. “तात्यांना दिलेत तसे जरा वाढवून द्या की,” असंही म्हणायला लोक लाजेनात. डॉक्टरही बनेल झाले. लोक चढवणारच म्हणून ते आधीच उतरवून सांगू लागले. आठ वाटले तर पाच म्हणत, मग सन्मानाने आठावर येत. हळूहळू असं झालं की त्यांच्या मनात खरोखर किती आहेत ते त्यांच्या बायकोलाही कळलं नसतं. मला वाटतं त्यांनाही कळेनासं झालं होतं. औषधाबरोबर लोकांना एक आकडा मिळे आणि तो घेऊन ते निजत.

एकदा आम्ही दोघी माजघरात तांदूळ निवडत होतो. वहिनी एकाएकी म्हणाली, “वन्सं, त्या दिवशी मी सगळं ऐकलं.”

मी सूप दोघींच्या मध्ये ठेवलं.

“ताप उतरलाय असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं, उठावं आणि बाहेर जाऊन त्यांचा हात माझ्या कपाळावर ठेवावा. पण उठता येत नव्हतं.” तिने सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. “परवा मला म्हणाले, तात्यांनी तुझ्यासाठी केवढी खटपट केली, चाराचे आठ केले. मी काय म्हणायचं यावर? नमस्कार करायचा?”

ती हसली नाही. तेव्हापासून ती पूर्वीसारखी हसलेली मला आठवतच नाही. नवऱ्याला ताट वाढताना ती भिंतीकडे बघे.

पुढल्या वर्षी पौषात कळ पुन्हा उठली. तीच जागा, तसाच ताप. तात्या कचेरीत होते. भाऊ डॉक्टरांना आणायला निघाला तसा वहिनीने माझा हात धरला. “त्यांना ओटीवर बसू देऊ नका, वन्सं,” ती म्हणाली. “थेट आत आणा. मला विचारायचंय.”

डॉक्टर आत आले, पोट पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “यंदा जरा अवघड दिसतंय, तीन आणे...”

“आकडा नको,” वहिनी म्हणाली. परपुरुषाशी असं थेट बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. “तुमची स्वतःची लेक इथे अशी पडली असती, तर तुम्ही गाडी जुंपली असती की नाही, एवढंच सांगा.”

डॉक्टरांनी माझ्या भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग हळूच म्हणाले, “जुंपली असती. आत्ताच.”

“ऐकलंत?” वहिनी नवऱ्याला म्हणाली.

तात्या घरी यायच्या आत गाडी दारात आली. गाडीवान दाभोशाकडचा होता. त्याने गाडीत पेंढा जाड पसरला, वर आमची गोधडी. आई दारात उभी राहून म्हणत होती, “अगं निदान हे येईपर्यंत तरी थांबा, ते बोलतील डॉक्टरांशी.” ते डॉक्टरांशी बोलतील म्हणूनच तर आम्ही निघालो होतो. वहिनीची मुलगी आईच्या कडेवर रडत होती. भाऊ गाडीमागून चालत निघाला, डोक्याला उपरणं गुंडाळून, पालखी उचलायला धरलेल्या वेठबिगाऱ्यासारखं तोंड करून.

मोखाडं मागे पडलं आणि घाट लागला. प्रत्येक धक्क्याला वहिनी माझा हात आवळायची. गाडीवान चढावर उतरून बैलांबरोबर चालत होता. वहिनीने त्याला विचारलं, “अंधाराच्या आत घाट चढू का हो?” तो म्हणाला, “बैल चालतील तसा चढू, बाय. मी हाकतंय.” तिला त्या उत्तराने बरं वाटल्यासारखं दिसलं. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, “वन्सं, तुम्हाला किती वाटतात? माझे आणे?”

मला काहीही म्हणता आलं असतं. बारा, चौदा, सोळा. तिच्या डोळ्यांकडे पाहून मी म्हणाले, “मला माहीत नाही, वहिनी.”

“हं,” ती म्हणाली, आणि माझा हात स्वतःच्या गालाखाली घेऊन पडून राहिली. “आपल्या घरातल्या कोणाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.”

नाशिकच्या डॉक्टरने आकडा सांगितला नाही. “करून पाहतो,” एवढंच म्हणाला. त्याने पोट चिरलं. पू फार होता. एक दिवस तिला बरं वाटलं, तिने मुलीची आठवण काढली, मला म्हणाली की आपण बरोबर केलं. त्यानंतर ती गेली.

आपण बरोबर केलं, हे तिचं वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. ते बरोबरच होतं. मरण आलं म्हणून ते चुकीचं ठरत नाही, जसं आदल्या वर्षीच्या जगण्याने तात्या बरोबर ठरले नव्हते. पण ही एवढी गोष्ट त्या गावात एका माणसाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

आम्ही परत आलो. सुतक होतं. समाचाराला लोक येत आणि ओटीवर बसत. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होते. तात्यांनी डोळे पुसले. खरेच पुसले, मी नाही म्हणत नाही. मग म्हणाले, “मला विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं. घरी राहिली असती तर बारा आणे होती. मागच्या वर्षी आठ होती ती निभावली, यंदा तर घराची हवा अंगाला लागलेली.”

माझा भाऊ मान खाली घालून म्हणाला, “बाराला मरण नव्हतं. प्रवासाने घात केला.”

कोपऱ्यात डॉक्टर बसले होते. ‘जुंपली असती’ म्हणालेले तेच डॉक्टर. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही मला पाहिलं असावं, कारण त्यांनी चटकन नजर काढून घेतली. एक जण म्हणाला, “काय डॉक्टर, बारा होते ना?” मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल.

डॉक्टर म्हणाले, “बारा जरा जास्त होतात. दहा-अकरा धरा.”

“अकरा,” तात्या म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी लगेच आपल्या घरच्या आजारी सुनेचा विषय काढला, आणि बाकीचे म्हणाले की तिला आता नाशिकला न्यायचं नाव काढू नका, यांच्या सुनेचं पाहिलंत ना काय झालं ते.

मी तांब्या खाली ठेवला. ती आजारी सून मला माहीत होती. तिच्याही ओटीवर आता हेच लोक बसणार होते. मी उंबरठा ओलांडून ओटीवर पुरुषांच्या मध्ये गेले. टाकलेली बाई, तिला कसली आलीय भीड? मी म्हणाले, “अकरा ठरले ना? मग जिला जाळून आलो, ती आता किती आणे मेली आहे, तेही एकदा ठरवून टाका. तात्या, तुम्ही सांगा. डॉक्टर, तुम्ही वाढवा थोडे.”

त्यावर मात्र कोणी घासाघीस केली नाही. डॉक्टर उठून जोडे शोधू लागले. माझा भाऊ पहिल्यांदाच मोठ्याने रडला. तात्या म्हणाले, “आत जा.”

मी आत गेले नाही. पायऱ्या उतरले आणि, डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगायला, त्या आजारी सुनेच्या घराकडे चालू लागले.